पत्नीची कमाई आणि पतीकडून होणारी हिंसा: नेमका संबंध कोणता?

प्रश्न
विवाहित स्त्रियांवर पतीकडून होणाऱ्या हिंसेविषयी मी एक टिपण लिहीत आहे. पतीचे मद्यपान, अपुरे शिक्षण, लहान वयात झालेले लग्न आणि गरिबी ही कारणे बहुतेक ठिकाणी दिलेली आढळतात. स्त्रीच्या कमाईमुळे मात्र काही अभ्यासांत हिंसा घटलेली दिसते, तर काहींत वाढलेली. यांतले खरे काय मानावे?

प्रतिसाद १
दोन्ही खरे आहे. तिच्या कमाईने घरातली ओढाताण कमी होते, परंतु त्याचे काम सुटलेले असेल किंवा तिची मिळकत त्याच्याहून जास्त झाली असेल, तर तोच पगार त्याला आपल्या अधिकारावरचा घाला वाटू शकतो. पगाराच्या दिवशी तिचे एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असते, हे विचारल्याशिवाय उत्पन्नाच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. दक्षिण आफ्रिकेतील ‘इमेज’ प्रकल्पात स्त्रियांना दिलेल्या लहान कर्जांना लिंगभाव आणि एचआयव्हीविषयक प्रशिक्षणाची जोड होती; २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यावरील जोडीदाराच्या हिंसेचा धोका सुमारे ५५ टक्क्यांनी कमी झाला.

प्रतिसाद २
मला ‘कारणे’ हा शब्दच खटकला. बहुतेक सर्वेक्षणे एकदाच केलेली असतात, त्यामुळे आधी काय घडले आणि नंतर काय, हे त्यांतून ठरत नाही. मद्यपानाचा संबंध जवळजवळ सर्वत्र आढळतो हे मान्य. पण न पिणारेही मारतात, आणि पिऊन आलेला माणूस बाहेर कोणाशी जपून वागायचे हे सहसा विसरत नाही. त्यापेक्षा तिचा मोबाइल तपासणे, माहेरच्यांशी बोलू न देणे अशा नियंत्रणाकडे आणि त्याने लहानपणी आईला मार खाताना पाहिले होते का, याकडे अधिक लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या बहुदेशीय अभ्यासात जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा आयुष्यात कधीतरी सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण ठिकाणानुसार १५ ते ७१ टक्के इतके वेगवेगळे होते. एवढा फरक केवळ पुरुषांच्या तापट स्वभावाने पडत नाही.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. काही स्त्रियांशी मी स्वतः बोलणार आहे, विचारावे कसे?

प्रतिसाद १
‘हिंसा होते का?’ असे विचारल्यास पुष्कळदा ‘नाही’ असेच उत्तर येते. ढकलले का, थोबाडीत मारली का, केस ओढले का, असे एकेक कृत्य वेगळे विचारावे. ती एकटी असतानाच बोलावे, एका घरातील एकाच स्त्रीची मुलाखत घ्यावी, आणि कोणी मध्येच आले तर लगेच विषय बदलता यावा म्हणून आरोग्याविषयीचे दोन-चार साधे प्रश्न तयार ठेवावेत.