बायक्युक्युलीनमुळे पेशी बर्स्टमध्ये फायर होतात की माझंच काही चुकतंय? मदत हवी आहे

नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. उंदराच्या मध्यमेंदूच्या स्लाइसमध्ये डोपामीन पेशींवर पॅच क्लॅम्प (बारीक काचनळीने एकेका पेशीचे विद्युत संकेत मोजणं) करते. गाबाचा (पेशींना आवरणाऱ्या संदेशवाहकाचा) लगाम काढला की ही पेशी स्वतःहून कशी वागते, एवढंच मला बघायचं आहे. त्यासाठी गाबाचा रिसेप्टर अडवणारं बायक्युक्युलीन वापरतेय आणि गेले तीन आठवडे तिथेच अडकले आहे.

आधी त्याचा साधा बेस (क्षार न केलेलं रूप) वापरला. डीएमएसओ या द्रावकात स्टॉक करून सकाळीच दिवसभराचं द्रावण बनवायचे, पीएच ७.४, बाटली ३२ अंशांच्या वॉटरबाथमध्ये. सकाळच्या पेशींत आयपीएससी (गाबामुळे येणारे प्रतिबंधक प्रवाह) पूर्ण बंद. दुपारनंतर मात्र तीच बाटली, तीच मात्रा, आणि आयपीएससी हळूहळू परत दिसू लागतात.

म्हणून लॅबमधल्या सीनियरच्या सांगण्यावरून बायक्युक्युलीनचंच क्षाररूप, मिथोक्लोराइड घेतलं, २० मायक्रोमोलर. आता आयपीएससी संध्याकाळपर्यंत बंद राहतात. पण एरवी घड्याळासारखी सेकंदाला दोन-तीन ठोके (विद्युत स्पंद) देणारी पेशी बर्स्ट, म्हणजे ठोक्यांचे झुबके, देऊ लागली! गाइड म्हणतात, प्रतिबंध काढलास, तर हे होणारच. मला ते पटत नाही, कारण पेशीला उत्तेजित करणारे ग्लुटामेट रिसेप्टर बंद ठेवूनही ठोके अनियमितच राहतात.

तिसरी गोष्ट थोडी घाबरूनच विचारते. परवा बेसच्या स्टॉकचा थेंब हातमोज्यावर पडला आणि मी तसंच काम चालू ठेवलं. काही झालं नाही, पण नंतर वाचलं की हे झटके आणणारं अल्कलॉइड आहे. किती काळजी घ्यायची असते?

प्रतिसाद

दुपारच्या कोड्याचं उत्तर रेणूतच आहे. बायक्युक्युलीनमध्ये लॅक्टोनचं वलय असतं. शरीराच्या पीएचला आणि तापमानाला ते पाणी घेऊन उघडतं आणि बायक्युसीन तयार होतं, जे गाबा रिसेप्टरवर जवळजवळ निकामी आहे. ३७ अंश आणि पीएच ७.४ ला अर्धं औषध साधारण ४५ मिनिटांत जातं. तुमच्या ३२ अंशांना थोडा जास्त वेळ लागेल, पण सकाळची बाटली दुपारपर्यंत टिकणार नाहीच. आम्लात ते बरंच स्थिर असतं. स्टॉकचे छोटे भाग करून गोठवा, उजेडापासून जपा, आणि बाथमध्ये सोडायच्या अगदी आधी मिसळा. एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका.

प्रतिसाद

बर्स्टबद्दल तुमची शंका रास्त आहे. गाइडना सांगायला संकोच वाटत असेल, तर आधी पुरावा जमवा.

बायक्युक्युलीन १९३२ मध्ये मान्स्के यांनी डायसेंट्रा कुकुलारिया या वनस्पतीतून वेगळं केलं. कोरिडॅलिसच्या जातींतही ते सापडतं. ते गाबाच्या विरोधात काम करतं हे कळायला १९७० उजाडलं. कॅनबेरात कर्टिस, जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी ते दाखवलं आणि गाबा हा मेंदूतला प्रतिबंधक संदेशवाहक आहे या म्हणण्याला भक्कम आधार मिळाला. पुढे बायक्युक्युलीनला दाद न देणारा गाबाचा परिणाम दिसला, त्यातूनच गाबा-बी या दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरचं वेगळं खातं उघडलं; बायक्युक्युलीन अडवतं तो गाबा-ए. इतका इतिहास सांगायचं कारण असं की या औषधावरचा आपला विश्वास तेव्हापासूनचा आहे. 'बायक्युक्युलीनने बदललं म्हणजे गाबा-ए' असं आपण सवयीने म्हणतो, आणि ती सवयच इथे नडते.

मिथोक्लोराइड, मिथोब्रोमाइड, मिथायोडाइड या सगळ्यांत नायट्रोजनवर कायमचा धनभार असतो. त्यामुळे ते पाण्यात विरघळतात आणि जास्त टिकतात, पण त्याच रूपात ते एसके चॅनेलही बंद करतात. हे कॅल्शियमवर उघडणारं पोटॅशियम चॅनेल. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीचा व्होल्टेज खाली खेचून पुढचा ठोका लांबवायचा हे त्याचं काम. डोपामीन पेशीची घड्याळासारखी चाल बऱ्याच अंशी त्यावरच उभी आहे. ते बंद पडलं की चाल बिघडते, आणि त्याचा गाबाशी काही संबंध नसतो. १९९० च्या दशकात नेमक्या याच पेशींमध्ये हे दाखवलं गेलं आहे.

तपासायला सोपं आहे. गाबाझीन किंवा पिक्रोटॉक्सिनने (गाबा-ए अडवणारी दुसरी औषधं) आयपीएससी बंद करा. ठोके नियमित राहिले, तर बर्स्ट गाबामुळे नव्हते. मग गाबाझीन चालू ठेवूनच एसके चॅनेल बंद करणारं अपामिन द्या. अपामिननेही तशीच चाल बिघडली आणि त्यावर मिथोक्लोराइडने आणखी काही बदललं नाही, तर दोष एसकेवरच. ठोक्यानंतरची उतरण आधी आणि नंतर एकावर एक ठेवून बघायला विसरू नका. माझ्या मते हा आलेख सगळ्यात बोलका ठरेल.

प्रतिसाद

एक पुस्ती. पिक्रोटॉक्सिनला बरेच जण अल्कलॉइड म्हणतात, पण त्यात नायट्रोजनच नाही. ते काकमारीच्या बियांतून मिळतं आणि चॅनेलच्या भोकात अडकतं. बायक्युक्युलीन गाबाच्या जागेसाठी झगडतं, म्हणून गाबा वाढवला की त्याचा परिणाम मागे हटतो. पिक्रोटॉक्सिनचं तसं होत नाही. पिक्रोटॉक्सिन ग्लायसीन रिसेप्टरवरही थोडंफार बसतं, निष्कर्ष काढताना तेवढं ध्यानात ठेवा.

प्रतिसाद

थेंबाच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डीएमएसओ त्वचेतून आत जातं आणि विरघळलेलं औषध सोबत नेतं. पातळ हातमोजा त्याला फार वेळ अडवत नाही. थेंब पडला की मोजा त्याच क्षणी काढायचा, हात धुवायचे, नवा घालायचा. पावडर उघड्यावर तोलण्यापेक्षा कुपीतच द्रावक घालून पूर्ण विरघळवा, म्हणजे धूळ उडत नाही. तोलावीच लागली तर हुडमध्ये. आणि एकट्याने नको.

परवाचा थेंब आता मागे पडला, त्याची भीती बाळगू नका. पण यापुढे अंगावर सांडलं, श्वासातून गेलं किंवा थरथर, स्नायूंना झटके, गोंधळल्यासारखं वाटलं, तर वाट न बघता रुग्णालयात जा आणि रसायनाची सुरक्षा-माहितीपत्रिका सोबत न्या. तिथे सहसा आधी बेंझोडायझेपीन देतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, विशेषतः शेवटच्या प्रतिसादासाठी. नियम छापून हुडच्या काचेवर लावले. एक शंका: रिसेप्टर बायक्युक्युलीनने अडवलेला असताना बेंझोडायझेपीन चालतं कसं?

प्रतिसाद

झगडा जागेसाठी आहे म्हणून. बेंझोडायझेपीन वेगळ्या जागी बसून रिसेप्टरची गाबाकडची ओढ वाढवतं, त्यामुळे गाबा पुन्हा वरचढ ठरू शकतो. औषधाचा भार फार असेल तर ते पुरत नाही, आणि मग डॉक्टर बार्बिट्युरेट किंवा प्रोपोफोलकडे वळतात.

धागाकर्ती

आज पाच पेशी झाल्या. गाबाझीनमध्ये आयपीएससी पूर्ण बंद आणि पाचही पेशींचे ठोके नियमित. तीन पेशींत नंतर मिथोक्लोराइड दिलं, तिन्हीत ठोक्यानंतरची उतरण जवळपास निम्मी झाली आणि चाल विस्कटली. आलेख गाइडना दाखवले. त्यांनी मागच्या सहा महिन्यांचा डेटा परत काढायला सांगितला आहे. अपामिन मागवलं आहे, आलं की इथेच लिहीन.