कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिलीये, पण सुरू करायचीच भीती वाटतेय

अस्वस्थ_मी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ४६, बीपी नाही शुगर नाही, सिगरेट नाही. चेकअपमध्ये एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, १७८ आलं. डॉक्टर म्हणाले तीन महिने खाण्याकडे लक्ष द्या, रोज चाला, मग परत बघू. ते सगळं मनापासून केलं, वजनही थोडं उतरलं, पण एलडीएल १६६ वरच अडकलं. माझ्या वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, ते सांगितल्यावर डॉक्टरांनी अटोर्वास्टॅटिन २० लिहून दिली, रोज एक.

गोळ्या आणून ठेवल्यात पण अजून एकही घेतली नाही. आतला कागद वाचला आणि धाडसच गेलं. स्नायू दुखणं, लिव्हर, शुगर, विसरायला होणं, काय काय लिहिलंय. वर रात्री झोपताना मोबाईलवर लोकांचे अनुभव वाचत बसते आणि मग झोप उडते ती उडतेच. गोळी घ्यावी तर ही भीती, नाही घ्यावी तर वडिलांसारखं होईल ही भीती, इकडे आड तिकडे विहीर झालंय नुसतं. आता छातीत जरा कुठे चमक आली की मी मनगटावरच्या घड्याळात ठोके बघते, ते वाढलेले दिसले की अजून घाबरते आणि ते अजून वाढतात. नवरा म्हणतो एवढे लोक घेतात, घे ना तू पण. त्याचं बरोबर असेल पण असं म्हणून भीती जात नाही ना. एकदा सुरू केली की आयुष्यभर सुटत नाही म्हणतात, ते खरं का? कोणी अशा मनःस्थितीतून गेलं असेल तर कशी सुरू केलीत ते सांगा प्लीज.

संथ_चाल

ताई, आधी श्वास घ्या. एलडीएल हा आज रात्रीचा प्रश्न नाहीये. रक्तवाहिनीच्या भिंतीत ते साठायला वर्षानुवर्षं जातात, रिपोर्ट हातात आला म्हणून तुमच्या शरीरात त्या दिवशी काही नवीन घडलं नाही, जे आधीपासून होतं ते फक्त कळलं. म्हणजे डॉक्टरांशी नीट बोलून ठरवायला तुमच्याकडे वेळ आहे. फक्त तो वेळ वर्षभर लांबवू नका, कारण वडिलांचा अटॅक ५५च्या आतला आहे आणि डॉक्टर ती गोष्ट हिशोबात धरतातच.

छातीचं मात्र स्पष्ट सांगतो. छातीवर दाब किंवा आवळल्यासारखं होणं, ते हातात, जबड्यात, पाठीत जाणं, सोबत घाम, धाप, मळमळ, असं काही झालं तर घड्याळ बघत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं, बायकांमध्ये तर नुसती धाप आणि प्रचंड थकवा एवढंच पण असू शकतं. क्षणभर येणारी, बोटाने जागा दाखवता येणारी चमक बहुतेक वेळा हृदयाची नसते, तरी घरात इतिहास आहे तर एकदा डॉक्टरांना सांगून ईसीजी काढून घ्या आणि त्या शंकेचा निकाल लावून टाका. निकाल न लावता रोज रात्री तीच शंका काढत बसणं जास्त वाईट.

औषधं_आणि_माणसं

मी फार्मासिस्ट आहे, तुमच्यासारखा प्रश्न घेऊन कायम कोणी ना कोणी येतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं आणि त्यात लिव्हरचा वाटा मोठा असतो. म्हणून तुम्ही एवढं पथ्य पाळूनही आकडा थोडाच खाली आला, यात तुम्ही कुठे कमी पडलात असं अजिबात नाही. तुमची अटोर्वास्टॅटिन ज्या गटातली आहे ते औषध, स्टॅटिन, लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनवणारं एक एन्झाइम अडवतं, मग लिव्हरला कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ते आपल्या पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर, म्हणजे एलडीएल पकडणारे हुक, आणून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात एका बुरशीत सापडलं आणि बाजारातलं पहिलं स्टॅटिन अमेरिकेत १९८७ला मंजूर झालं. हे एवढ्यासाठी सांगतोय की हे काल आलेलं औषध नाहीये, याच्याकडे काही दशकांचा हिशोब आहे.

आता तो कागद. त्यात ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचण्यांमध्ये, आणि नंतर लोकांनी सांगितलेल्या तक्रारींतून आलेलं बरंच काही लिहावं लागतं आणि कुठली गोष्ट किती जणांना होते ते घाबरलेल्या माणसाच्या डोळ्यांत भरत नाही, फक्त आजारांची नावं भरतात. स्नायूंचंच घ्या. २०२२ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या ट्रायल्सचा एकत्र अभ्यास आला, सव्वा लाखाच्या आसपास माणसं. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी चार-साडेचार वर्षांत कधीतरी स्नायू दुखतात किंवा अशक्त वाटतात असं सांगितलं, आणि औषध नसलेली पण दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी तेच सांगितलं. पहिल्या वर्षात गोळीमुळे होणारा खरा जास्तीचा त्रास हजारात साधारण ११ जणांना, आणि तोही बहुतेक सौम्य. म्हणजे दुखतं ते खरंच दुखतं, कोणी खोटं बोलत नाही, पण बहुतेक वेळा कारण गोळी नसते.

यावर २०२०चा सॅमसन नावाचा एक छोटा पण फार सुंदर अभ्यास आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात चार महिने स्टॅटिन, चार महिने बिनऔषधाची गोळी आणि चार महिने रिकामी बाटली, असं उलटसुलट क्रमाने दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास वाढला त्याच्या ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीनेही दिला. स्वतःचे आकडे बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली. ताई, तुम्ही रात्री जे वाचत बसताय ते सगळं तुमच्या अंगात उतरू शकतं, हे मनाचे खेळ म्हणून हिणवत नाहीये मी, अपेक्षेने शरीर खरंच दुखतं.

खरे धोके पण सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. शुगर काठावर असेल तर ती थोडी वर जाऊन डायबिटीसचं निदान जरा लवकर होऊ शकतं, म्हणून सुरू करण्याआधी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, माहीत असावं. लिव्हरचे आकडे काहींचे थोडे वाढतात पण लिव्हरला गंभीर इजा फार म्हणजे फारच क्वचित, इतकी की २०१२ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, दर काही महिन्यांनी लिव्हर टेस्ट करायचा आग्रह काढून टाकला, सुरुवातीला एकदा बघणं पुरतं, पुढे गरज वाटली तर. स्मरणशक्तीत मोठ्या ट्रायल्समध्ये फरक दिसला नाही. आणि स्नायू तुटून किडनीवर ताण येणं, ज्याची सगळ्यांना धास्ती असते, ते अत्यंत दुर्मिळ आहे, त्याची खूण म्हणजे भयंकर स्नायूदुखी, अशक्तपणा आणि लघवी गडद तपकिरी होणं. असं दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर.

थायरॉईड तपासलंय का? ते कमी असेल तर एलडीएलही वाढतं आणि गोळीने स्नायू दुखायची शक्यताही वाढते. कुठलं दुसरं औषध चालू असेल तर सांगा, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरच्या काही गोळ्या अटोर्वास्टॅटिनबरोबर जमत नाहीत.

हळूहळू_सावरतेय

मी तुझ्यासारखीच होते गं, म्हणून एकेरी लिहितेय, राग मानू नकोस. औषधांची भीती मला आधीपासूनच, पॅनिक अटॅक पण येऊन गेलेत. मला सगळ्यात उपयोग कशाचा झाला सांगू? गोळी सुरू करायच्या आधीच मी वहीत लिहून काढलं की आत्ता माझं काय काय दुखतं. खांदा, गुडघा, सकाळचा जडपणा, झोप किती. नंतर गोळी सुरू केल्यावर खांदा दुखला की वही उघडायची आणि बघायचं, हा तर आधीपासूनचाच आहे की. नाहीतर सगळं गोळीवर ढकललं असतं मी.

दुसरं, डॉक्टरांकडून आधीच वदवून घेतलं की काय झालं तर फोन करायचा, काय झालं तर नुसती वाट बघायची आणि परत टेस्ट कधी. ती तीन उत्तरं कागदावर असली की रात्री मोबाईलला विचारायला काही उरतच नाही. ते घड्याळ रात्री काढून दुसऱ्या खोलीत ठेव, हे अगदी कळकळीने सांगते. ठोके बघणं हा उपाय वाटतो पण भीती त्यावरच पोसली जाते.

आणि ही भीती स्वतंत्र दुखणं आहे असं धर. कोलेस्टेरॉल खाली आलं की ती आपोआप जाईल असं माझं झालं नाही, मग दुसरं काहीतरी सापडायचं. काउन्सेलरकडे जाऊन सीबीटी, म्हणजे विचारांच्या सवयी बदलायची बोलून केलेली थेरपी, केलं तेव्हा फरक पडला. झोप उडण्यापर्यंत गेलंय म्हणजे तूही बोल कोणाशी तरी, नवऱ्याशी नाही, ज्याचं ते काम आहे अशा माणसाशी.

उन्हाळी_पाऊस

वरचं सगळं पटतं, पण ज्यांना खरंच त्रास होतो त्यांच्या वतीने चार ओळी. मला झाला. दोन्ही मांड्या सारख्याच दुखायच्या, जिना चढताना जड व्हायचं. डॉक्टरांनी सीके, म्हणजे स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट, केली, काही आठवडे गोळी बंद, दुखणं गेलं, परत चालू, परत आलं. मग रोसुवास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनचा छोटा डोस आणि जोडीला एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळ्या प्रकारची गोळी दिली, त्यावर मी व्यवस्थित आहे आणि एलडीएल पण खाली आहे. म्हणून सांगतोय, समजा त्या हजारातल्या अकरांत आपण निघालो तरी सगळं संपत नाही, पुढे रस्ते आहेत. मला तर हे कळल्यावरच भीती कमी झाली, की अडकून नाही पडणार आपण.

अस्वस्थ_मी

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना रडूच आलं. वहीची आयडिया आजच करतेय. थायरॉईड तपासलेलं नाही, विचारते. दोन शंका आहेत, अर्ध्या गोळीने सुरू केलं तर चालेल का? आणि ते आयुष्यभराचं कोणी सांगितलंच नाही.

औषधं_आणि_माणसं

सवय लागत नाही, व्यसन नाही. बंद केली तर काही आठवड्यांत एलडीएल जिथून आलं तिथे परत जातं, एवढंच. दीर्घकाळ घ्यायची म्हणतात ते त्यामुळे, कारण फायदा चालू ठेवला तरच चालू राहतो, आणि वर्षं जातील तसा वाढतो. सुटतच नाही असं नाही, ते दर वेळी डॉक्टरांबरोबर परत ठरवता येतं.

अर्धीचं स्वतः ठरवू नका पण जरूर विचारा, भीती वाटते म्हणून कमी डोसने सुरू करूया का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. डोस दुप्पट केला की एलडीएल साधारण ६ टक्केच आणखी उतरतं, म्हणजे मोठा परिणाम सुरुवातीच्या डोसमध्येच मिळून जातो. तुमचा लिहून दिलेला डोस मध्यम गटातला आहे, त्याने ३० ते ४९ टक्के उतरणं अपेक्षित, म्हणजे तुमचं १६६ साधारण ८५ ते ११६च्या मध्ये यावं. एलडीएल ३९ने कमी झालं की हार्ट अटॅक, स्ट्रोकसारख्या घटना जवळजवळ पाचात एकने कमी होतात, तेव्हा हिशोब लक्षात येईल. अटोर्वास्टॅटिन सकाळी घेतली तरी चालते, रात्री घेऊन विचार करत पडायचं असेल तर सकाळचीच वेळ मागा.

अस्वस्थ_मी

सकाळीच घेणार मग, नाश्त्याबरोबर, नवरा समोर असताना. डॉक्टरांची वेळ घेतलीये, प्रश्न लिहून नेतेय. परत टेस्ट किती दिवसांनी असते आणि उपाशीपोटी लागते का?

संथ_चाल

साधारण ४ ते १२ आठवड्यांत सांगतात. उपाशीपोटीची सक्ती आता बऱ्याच ठिकाणी नसते, ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, खूप वाढलेले असतील तर लागते. पण आधीची टेस्ट उपाशीपोटी दिली असेल तर हीसुद्धा तशीच द्या आणि शक्यतो त्याच लॅबला, म्हणजे तुलना सरळ होते. तापात किंवा आजारपणात देऊ नका, आकडे हलतात. रिपोर्ट आला की इथे टाका ताई.