पिवळा दिवा, पीयूसी आणि ओबीडी : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सबनीस (बी-३०४): नमस्कार. ग्रुपमधील जाणकारांना एक शंका विचारते. आमच्या पेट्रोल मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा अधूनमधून लागतो. गाडी चालवताना काहीच फरक जाणवत नाही, ॲव्हरेज पूर्वीइतकेच आहे आणि पीयूसीदेखील अडचण न येता मिळाले. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून दिवा घालवून देतात, पण तो पुन्हा लागतो. चाचणी उत्तीर्ण असताना या दिव्याकडे लक्ष देणे खरोखर आवश्यक आहे का?

शिंदे (सी-५०२): मॅडम, माझ्या मते नाही. पीयूसी ही कायद्याने ठरवलेली चाचणी आहे, तर दिवा ही कंपनीने सर्व्हिसिंगचे गिऱ्हाईक टिकवण्यासाठी केलेली सोय आहे.

गोखले (ए-१०१): शिंदे साहेब, वाहन तपासणीच्या क्षेत्रात नोकरी झाल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो, लांबल्यास सांभाळून घ्यावे. हा दिवा कंपन्यांनी स्वतःहून बसवलेला नाही, तो कायद्याने त्यांच्याकडून बसवून घेतलेला आहे. लॉस एंजेलिसच्या हवेतील धुरके वाहनांच्या धुरातील हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाशाची प्रक्रिया होऊन तयार होते, हे रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले आणि तेव्हापासून कॅलिफोर्निया या विषयात इतरांच्या पुढे राहिले. १९७५च्या सुमारास अमेरिकेतील मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील घातक वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारे उपकरण, आले. मात्र नवी असताना स्वच्छ असणारी गाडी पुढे वर्षानुवर्षे तशीच राहते की नाही, हे पाहण्याची सोय नव्हती. म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःवरच लक्ष ठेवावे असा नियम केला. याच व्यवस्थेला ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स) म्हणतात. त्याचे सुधारलेले रूप म्हणजे ओबीडी-२, जे १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले. युरोपने ते पेट्रोल मोटारींसाठी २००१ मध्ये आणि भारताने २०१३ मध्ये लागू केले. अमेरिकी नियमाचा सर्वसाधारण दंडक असा आहे, की एखाद्या भागाच्या बिघाडामुळे उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेच्या दीडपटीवर जाण्याची शक्यता निर्माण झाली, की दिवा लागला पाहिजे. गाडी चालवताना फरक जाणवतो की नाही, याचा त्या दंडकाशी संबंधच नाही.

शिंदे (सी-५०२): मान्य. परंतु पीयूसीमध्ये धूर प्रत्यक्ष मोजला जातो. तो मर्यादेत असेल, तर बिघाड कुठे राहिला?

गोखले (ए-१०१): प्रश्न रास्त आहे. पेट्रोल गाडीचे पीयूसी गाडी जागेवर उभी असताना, आयडलिंगवर होते आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात. नायट्रोजन ऑक्साइड, ज्याला आम्ही थोडक्यात नॉक्स म्हणतो, ते त्यात मोजलेच जात नाही. आणि मोजले तरी फारसे हाती लागणार नाही, कारण नॉक्स सिलिंडरमधील तापमान वाढल्यावर, म्हणजे चढावर किंवा वेग घेताना तयार होते. शिवाय आयडलिंगवर कन्व्हर्टरमधून जाणारा वायू इतका कमी असतो, की निम्मा निकामी झालेला कन्व्हर्टरही तेवढे काम निभावून नेतो. डिझेल गाडीच्या पीयूसीत केवळ धुराची गडदता पाहिली जाते. त्यामुळे ही चाचणी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण फार बिघडलेली गाडी तिच्यात सापडते. पण तिच्या प्रमाणपत्रावरून दिवा खोटा ठरवता येत नाही.

सबनीस मॅडम, दिवा घालवण्यापूर्वी गॅरेजने स्कॅनरवर बिघाडाचा कोणता कोड वाचला, ते त्यांच्याकडून अवश्य लिहून घ्या.

सबनीस (बी-३०४): बिलावर पी०४२० असे लिहिलेले आहे. गॅरेजवाल्यांचे म्हणणे, कन्व्हर्टर संपूर्ण बदलावा लागेल.

गोखले (ए-१०१): त्या कोडचा अर्थ कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेल्याचे गाडीला वाटते, इतकाच आहे, आणि 'वाटते' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. तुमच्यासारख्या पेट्रोल गाडीत सायलेन्सरमधील प्रदूषकांचे प्रमाण मोजणारे यंत्र नसते. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढील सेन्सरचा संकेत सतत वर-खाली होत असतो. चांगला कन्व्हर्टर आपल्या लेपातील सिरियम ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे मागील सेन्सरचा संकेत जवळजवळ स्थिर राहतो. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागला, की साठवणूक संपली असा निष्कर्ष संगणक काढतो. परंतु पाइपमध्ये कुठे बाहेरची हवा शिरत असेल किंवा सेन्सरच दगावला असेल, तरीही हाच कोड येऊ शकतो. म्हणून आधी पाइपची गळती, मग सेन्सरचे संकेत आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) तपासून घ्यावे, आणि कन्व्हर्टर बदलण्याचा निर्णय अगदी शेवटी घ्यावा. दिवा कधी लुकलुकू लागला, तर मात्र गाडी जोरात पळवू नका. तीव्र मिसफायरमुळे न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असल्याची ती खूण असते, आणि त्यात चांगला कन्व्हर्टरही वितळून जातो.

कोड पुसणे ही दुरुस्ती नव्हे. पुसताक्षणी बिघाडाच्या वेळची नोंद, म्हणजे इंजिनाचा वेग, तापमान, भार, हे सारे नष्ट होते आणि गाडीच्या सर्व स्वयंतपासण्या 'अपूर्ण' स्थितीत जातात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे : दिवा बंद असूनही तपासण्या अपूर्ण दिसत असतील, तर कोणीतरी नुकताच कोड पुसला आहे किंवा बॅटरी काढली आहे.

शिंदे (सी-५०२): काका, तुमचेच म्हणणे पुढे नेतो. गाडी प्रत्यक्ष धूर मोजत नाही आणि तिचा संगणक कंपनीनेच लिहिलेला आहे. फोक्सवॅगनने जगाला फसवले, तेव्हा हा पिवळा दिवा काय करत होता?

गोखले (ए-१०१): काहीही करत नव्हता, आणि माझ्या मते त्या प्रकरणाचा खरा धडा तोच आहे. त्या डिझेल मोटारींत कोणताही भाग बिघडलेला नव्हता. स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन चालू असण्याचा काळ अशा गोष्टींवरून सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतील चाचणी ओळखत असे आणि तेवढ्यापुरतेच नॉक्सचे नियंत्रण पूर्णपणे चालू ठेवत असे. रस्त्यावर नॉक्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. ओबीडी भाग शाबूत आहे का हे पाहते. त्या भागाकडून काम करून घेतले जाते का, हे पाहण्याची तिची रचना नव्हती. ही लबाडी उघडकीस येण्यास सुरुवात झाली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील चमूने मोजणीचे यंत्र थेट गाडीवर चढवून रस्त्यावर चाचणी घेतल्यामुळे, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने नोटीस बजावली. त्यानंतर युरोपने २०१७ पासून नव्या मॉडेलांसाठी रस्त्यावरील चाचणी सक्तीची केली आणि भारतात बीएस-६ या उत्सर्जन नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात, १ एप्रिल २०२३ पासून, तशीच अट आली.

तांबे (ए-६०३): मी मध्येच लिहितो, क्षमस्व. रस्त्यावरील चाचणीदेखील निवडक गाड्यांचीच होणार. प्रत्येक गाडीत मोजणारा सेन्सर कायमचा का बसवत नाहीत?

गोखले (ए-१०१): तेच आता होऊ घातले आहे. २०२४ मध्ये संमत झालेल्या युरोपच्या युरो-७ या उत्सर्जन नियमांत भागांच्या देखरेखीबरोबरच उत्सर्जनावर गाडीतूनच देखरेख ठेवण्याची अट आहे, आणि नव्या मॉडेलच्या मोटारींना ती नोव्हेंबर २०२६ पासून लागू होते. नॉक्स कमी करण्यासाठी धुरात युरियाची फवारणी करणाऱ्या डिझेल गाड्यांत नॉक्सचा सेन्सर आधीपासूनच असतो आणि युरिया संपल्यास इंजिन पुन्हा सुरू न होण्याची तरतूदही असते. त्याचीच व्याप्ती आता वाढत आहे. सूक्ष्म कण मात्र स्वस्त सेन्सरने अचूक मोजणे अजून अवघड आहे, त्यामुळे तिथे अंदाजावरच बरेच अवलंबून राहावे लागेल.

शिंदे (सी-५०२): म्हणजे गाडी रोज आपली चहाडी करणार. ही माहिती कोणाकडे जाईल?

तांबे (ए-६०३): शिंदे साहेबांची शंका मला योग्य वाटते. तरी एक उदाहरण विचारात घ्यावे. युरोपमध्ये २०२१ पासूनच्या नव्या मोटारी इंधनाच्या प्रत्यक्ष वापराची नोंद ठेवतात आणि ती गोळा करण्यास मालक नकार देऊ शकतो. त्या माहितीवरूनच २०२४ मध्ये दिसून आले, की पेट्रोल व डिझेल मोटारी प्रमाणपत्रातील आकड्यापेक्षा सरासरी सुमारे २० टक्के जास्त इंधन पितात आणि प्लग-इन हायब्रिड (इंजिन आणि चार्ज करता येणारी बॅटरी दोन्ही असलेल्या) मोटारींचे प्रत्यक्ष उत्सर्जन तर प्रमाणपत्रातील आकड्याच्या सुमारे साडेतीन पट आहे. इथे चहाडी मालकाची नव्हे, जाहिरातीतील आकड्याची झाली.

गोखले (ए-१०१): अगदी बरोबर. अशा माहितीचा मुख्य उपयोग एकेका चालकाला पकडण्यासाठी नसून एखादे संपूर्ण मॉडेलच मर्यादा ओलांडत आहे का, हे पाहण्यासाठी व्हावा, असे माझे मत आहे. कारण एका मालकाच्या निष्काळजीपणापेक्षा लाखो गाड्यांतील एकाच सॉफ्टवेअरने केलेले नुकसान कितीतरी मोठे असते. मात्र शिंदे साहेब म्हणतात तसे, सरकार आणि कंपनी यांच्याप्रमाणे ती माहिती मालकालाही वाचता आली पाहिजे. युरो-७ मध्ये त्यासाठी प्रत्येक गाडीला पर्यावरणविषयक पासपोर्ट देण्याची तरतूद केलेली आहे.