मदत हवी आहे: वडिलांच्या लघवीत ईएसबीएल जंतू निघाले, घरात त्यांचं ताट वेगळं ठेवायला हवं का?

नमस्कार. थोडं लांबतंय, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

माझे वडील, दादा, वय ७२. साताऱ्याजवळ गावी भाऊ-वहिनीकडे राहतात, मी पुण्यात. प्रोस्टेट वाढली आहे, लघवी पूर्ण सुटत नाही. दीड वर्षात चार वेळा जळजळ आणि ताप झाला. पहिल्या तिन्ही वेळा औषधाच्या दुकानातून सिप्रो ही प्रतिजैविकाची (अँटिबायोटिक) गोळी आणली, दोन-तीन दिवस घेतली, बरं वाटलं की उरलेलं पाकीट कपाटात. त्यातल्या एका वेळी दुकानदाराला फोन करून गोळ्या द्यायला मीच सांगितलं होतं.

चौथ्या वेळी थंडी वाजून १०३ ताप आला, ॲडमिट करावं लागलं. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई. कोलाय हा जंतू निघाला, पुढे ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’. सिप्रोसमोर आर, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, सेफिक्झिमसमोर आर, सेफ्ट्रिआक्सोनसमोरही आर. मेरोपेनेमची इंजेक्शनं सात दिवस दिली तेव्हा ताप उतरला.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “हे जंतू त्यांच्या आतड्यातूनच आलेत, तिथे ते अजून असणार.” ते घाईत होते, पुढचं विचारायचं राहून गेलं. वहिनीने ते ऐकलं. तिचं बाळ चार महिन्यांचं. त्या दिवसापासून दादांचं ताट-वाटी वेगळी आणि बाळ त्यांच्या मांडीवर नाही. वहिनीला मी दोष देत नाही, हॉस्पिटलात दादांचं सगळं तिनेच केलं. पण आता दादाच ओसरीवर बसून असतात, बाळ रडलं तरी उंबऱ्याच्या आत येत नाहीत. हे मला बघवत नाही.

हे जंतू आतड्यात किती दिवस राहतात? भाऊ म्हणतो, आणखी एक कोर्स देऊन पोट साफ करून टाकू, तसं करता येतं का? बाळाला खरंच धोका आहे का? आणि मी सांगितलेल्या गोळ्यांमुळे हे झालं का?

प्रतिसाद – कल्चरवाली

ताई, ताट वेगळं ठेवायची गरज नाही. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचा. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये आहे, रोज हीच कल्चर लावते.

ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो. ईएसबीएल हा काही वेगळा रोग नाही. त्या जंतूकडे एक जनुक आहे, त्यावरून तो सेफ्ट्रिआक्सोनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम बनवतो, एवढाच त्याचा अर्थ. हे जनुक बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या गोल तुकड्यावर असतं आणि जंतू त्याची प्रत शेजारच्या जंतूला देतो, तो दुसऱ्या जातीचा असला तरी. हे पहिल्यांदा जपानमध्ये लक्षात आलं. १९५० च्या दशकात तिथे आमांशाचा जंतू, शिगेला, एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देईनासा झाला. अकिबा आणि ओचियाई यांनी १९५९ च्या सुमारास दाखवलं की हा गुण ई. कोलायकडून शिगेलाकडे जाऊ शकतो.

किती दिवस राहतात, याचा सगळ्यात चांगला अंदाज डच प्रवाशांच्या अभ्यासातून येतो, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी हे जंतू नव्हते अशा ज्या लोकांनी दक्षिण आशियात प्रवास केला, त्यांतले सुमारे ७५ टक्के ते आतड्यात घेऊन परतले. निम्म्यांच्या शौचातून ते महिन्याभरात गेले, वर्षानंतरही होते असे साधारण ११ टक्के. ही माणसं आजारी नव्हती. चार-दोन आठवड्यांच्या पाहुण्यांची ही गत असेल, तर इथे जन्म काढलेल्या आपल्यात किती जणांच्या पोटात हे असेल, विचार करा. वहिनींच्या, माझ्याही. त्याच अभ्यासात घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जंतू जाण्याची शक्यता १२ टक्के धरली आहे. म्हणजे जातात, पण मांडीवर घेतल्याने नाही. शौचाचा अंश हाताला आणि हातावरून तोंडात, हा त्यांचा रस्ता. तेव्हा दादांनी संडासहून आल्यावर आणि बाळाला घेण्याआधी साबणाने नीट हात धुवावेत, दुपटी बदलल्यावर घरातल्या सगळ्यांनीच. ताट साध्या साबणाने घासलं की पुरे. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल तर मात्र त्याच्या डॉक्टरांना विचारा.

भावाला सांगा, कोर्स अजिबात नको. त्याने आतड्यातले साधे जंतू मरतील आणि मोकळी झालेली जागा नेमके हेच घेतील. शौचाची तपासणीही नको, निकाल काहीही आला तरी उपचार बदलणार नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर देते. गोळीने ते जनुक तयार झालं नाही. व्हेनेझुएलाच्या जंगलातल्या, बाहेरच्या जगाशी संबंध न आलेल्या यानोमामी लोकांच्या आतड्यातल्या जंतूंतही प्रतिजैविकांना रोखणारी जनुकं सापडली, ते संशोधन २०१५ चं. पण अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी दादांच्या पोटात त्या जंतूंना जागा करून दिली असणार. कपाटातलं ते पाकीट आजच काढून टाका.

प्रतिसाद – कऱ्हाडकर

कल्चरचा रिपोर्ट फाइलला लावून ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी दाखवा. पुढेमागे गुदमार्गातून प्रोस्टेटची बायॉप्सी ठरली तर नक्कीच, कारण सुई त्याच जंतूंमधून आत जाते. माझ्या काकांच्या वेळी जुना रिपोर्ट कुणी मागितला नाही, आम्हीही दाखवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते आयसीयूत होते. शिवाय लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत मोजून घ्या. ती साठत राहिली तर इन्फेक्शन पुन्हा होईल. आणि जळजळ नाही, ताप नाही, तर उगाच परत परत कल्चर करू नका. जंतू दिसले की कुणीतरी औषध देतंच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल फोनवर वहिनीला सगळं वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, “साबण साधा चालेल ना?” आज सकाळी दादांचं ताट परत मांडणीत लागलं.

दादा मात्र अजून बाळाला घेत नाहीत. “तुम्ही म्हणता, पण उगाच कशाला,” म्हणतात. माझ्या सांगण्याने ऐकणार नाहीत, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर ऐकतील. मंगळवारी यूरॉलॉजिस्टकडे नेते आहे. रिपोर्ट घेतला आहे, उरलेली लघवी मोजून घेईन, आणि बाळाचंही दादांच्या समोरच विचारेन.