साडेअकरालाच बॅटरी फुल्ल, पुढचं ऊन कुठे घालू?

बैठ्या_घरची_सून

नमस्कार मंडळी. सहकारनगरला सासऱ्यांनी बांधलेलं बैठं घर आहे. गच्चीवर ३ किलोवॉटची पॅनेल्स, जिन्याखाली ५ युनिटची लिथियम बॅटरी. नेट मीटर (जादा वीज बाहेर देऊन बिलात वळती करून घेणारा) नाही, कारण बिल अजून सासऱ्यांच्याच नावावर. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. नाव बदलायच्या कागदांवर दिरांची सही हवी आणि दीर म्हणतात, ‘दिवाळीत येतोच आहे की.’ तोवर बाहेर एक युनिटही सोडायचं नाही, असं इन्व्हर्टरला सेट करून दिलंय.

रात्रीत बॅटरीतली तीनेक युनिटं संपतात आणि सकाळी साडेअकराला ती पुन्हा १०० टक्के. मोबाइलवर आलेख बघावा तर सकाळपासून डोंगर छान चढत जातो आणि साडेअकराला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा! खाली ३५० वॉटवर सपाट. फ्रिज आणि पंखे, बस. परवा तेव्हाच इस्त्री लावली, तर पॅनेलचा आकडा ३५० वरून टणकन १३५० वर. इस्त्री बंद केली, पुन्हा ३५०. म्हणजे द्यायला वीज आहे, घ्यायला कोणी नाही.

ही न वापरलेली वीज जाते कुठे? पॅनेल जळणार तर नाही ना? आणि तिचं करू काय? विकणारा म्हणतो अजून एक बॅटरी घ्या. आमचे हे म्हणतात, त्याला सांग, आधी हीच रिकामी करून दाखव.

धनकवडीचा_वायरमन

ताई, साहेबांचं बरोबर आहे. रात्रीला तीनच युनिटं लागत असतील तर दुसरी बॅटरी भरलेलीच पडून राहील.

वीज कुठंच जात नाही, ती तयारच होत नाही. मागणी संपली की इन्व्हर्टर पॅनेलचं व्होल्टेज वर सरकवतो, करंट आपोआप कमी होतो. पॅनेल जरासं जास्त तापतं, बाकी काही होत नाही.

जड कामं दुपारवर ढकला. पाणी चढवायची मोटर १ एचपीची असेल तर तासाला जवळपास एक युनिट खाते. ती पहाटे कशाला? गीझर: २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण एक युनिट. बाराला तापवलं तर रात्रीच्या भांड्यांना आयतं गरम पाणी.

सदाशिव_पेठ_तिसरा_मजला

एप्रिलात गीझर? आमच्या गार पाण्याच्या नळाला दुपारी हात लावून बघा एकदा.

त्यापेक्षा बॅटरीचा चार्जिंग करंट कमी करा. चार वाजेपर्यंत हळूहळू भरेल, वाया काही जाणार नाही.

धनकवडीचा_वायरमन

काका, त्यानं एक युनिट वाढत नाही. बॅटरीनं सकाळी कमी घेतलं की पॅनेल सकाळीच अडतं. ताईंचा कडा साडेअकराऐवजी नऊला येईल, एवढंच. फायदा म्हणाल तर बॅटरी भर उन्हाळ्यात दिवसभर १०० टक्क्यांवर बसून राहत नाही, ते लिथियमला मानवतं.

ताई, इन्व्हर्टरला ड्राय कॉन्टॅक्ट आहे का बघा, म्हणजे बॅटरीच्या टक्क्यांनुसार बाहेरचं उपकरण आपोआप चालू-बंद करणारा छोटा स्विच (रिले). ९५ टक्क्यांना चालू, ८५ ला बंद असं सेट करता येत असेल तर ढग आले तरी बॅटरी उपसली जात नाही. पण गीझर थेट त्यावर घालू नका. २ किलोवॉट म्हणजे नऊएक अँपिअर, तो चिमुकला रिले चिकटेल. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेपणारा मोठा स्विच, पाहिजेच. आणि मोटर बॅकअपच्या (लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या) लाइनवर असेल तर गीझरबरोबर लावू नका; सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते.

कर्वेनगर_स्कूटरवाली

माझी स्कूटर दुपारी चार्ज होते, साधारण तीन युनिटं तिथेच खपतात. पण ताई, खरा उपाय त्या सहीत आहे. नेट मीटर लागलं की जादा युनिटं पुढच्या बिलात वळती होतात. हिशोब ३१ मार्चला मिटतो आणि तेव्हा उरलेल्यांना भाव अगदीच किरकोळ, म्हणून साठवून ठेवायची नाहीत. दिवाळीची वाट कसली बघता? एसटीत बसा आणि सही घेऊन या.

बैठ्या_घरची_सून

दहा दिवसांनी लिहितेय. मोटर बाराला लावते. गीझरचं सदाशिव पेठेचं ऐकलं, पावसाळ्यापर्यंत राहू दे.

मुख्य म्हणजे घरघंटी! मी भाजण्या करून विकते. रोज दोन तास दळण असतं, तेही सकाळी सहाला, आणि इतके दिवस हे डोक्यातच आलं नाही. आता साडेअकरानंतर दळते. एक भानगड आहे: दुपारी पीठ फार गरम पडतं. तसंच पिशवीत भरलं तर आतून घाम धरतं. पहिल्या दिवशी दोन किलो चकलीची भाजणी अशीच गेली. आता परातीत पसरून, वर पातळ फडकं टाकून तासभर गार होऊ देते.

कड्याखाली आता दोन टेकड्या दिसतात, एक मोटरची, एक घरघंटीची. उद्या गुरुवार, पाणी बंद, म्हणजे मोटरची टेकडी गेली. शेजारच्या वहिनींनी पाच किलो गहू आणून ठेवलेत, ते दळीन. दिरांना फोन केला होता. ते म्हणाले, भाजणी घेऊन ये, सही करतो.