मदत हवी आहे: बुद्धिबळात डाव कधी सोडावा आणि फुकट जाणारी मोहरी कशी वाचवावीत?

ऑनलाइन बुद्धिबळ खेळते, रेटिंग ७०० च्या आसपास, म्हणजे अजून नवशिकीच. डाव १० मिनिटांचे, प्रत्येक चालीला ५ सेकंद वाढीव; म्हणजे वेळ कमी पडतो असं नाही, घड्याळात बहुतेकदा ४-५ मिनिटं शिल्लकच असतात.

अडचण अशी, की पंधराव्या-विसाव्या चालीपर्यंत सगळं नीट चालतं आणि मग एखादा उंट किंवा घोडा आयता देऊन बसते. डाव तपासले तर चूक जवळजवळ ठरलेली: जे मोहरं हलवलं तेच दुसऱ्या कशाला तरी जोर देत होतं, म्हणजे त्याचं रक्षण करत होतं. समोरच्याचे शह आणि मारामारी मी चाल खेळण्याआधी बघते, पण माझा जोर सुटतोय हे नेमकं निसटतं. रोज १५ कोडी सोडवते, त्यात बरी प्रगती आहे. डावात मात्र 'इथे काहीतरी आहे' असं सांगणारं कोणी नसतं! ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करूनही बघितल्या, फरक शून्य.

दुसरं, वजीर गेला की मी लगेच डाव सोडायचे. मागच्या आठवड्यात हट्टाने खेळत राहिले, तर समोरच्याने दोन वजीर असताना माझ्या राजाची कोंडी केली (शह नाही, पण मला खेळायला एकही चाल नाही) आणि डाव बरोबरीत सुटला. तेव्हापासून गोंधळ आहे.

रोज जेमतेम ४० मिनिटं मिळतात, प्रशिक्षक नाही. तर या पातळीवर किती नुकसान झाल्यावर डाव सोडणं योग्य, की मात होईपर्यंत खेळावंच? आणि सुटणारा जोर चालीआधीच दिसावा यासाठी तुम्ही नेमका कोणता सराव केलात?