जहाजावर एकदाच वेगळे पैसे देऊन जेवायचंय, सहा जण आहोत. कोणतं रेस्टॉरंट घ्यावं?

परभणीकर७
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत घरचे सगळे सिंगापूरहून ४ रात्रींच्या क्रूझवर चाललोय. कंपनीचं नाव टाकत नाही, मागच्या धाग्यात "जाहिरात करायलास का" म्हणून बोलणी खाल्लीत.

आम्ही सहा जण. मी, बायको, आई, बाबा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ चा. आई माळकरी आहे, अंडंसुद्धा नाही. त्यात चातुर्मास, म्हणजे कांदा, लसूण, वांगंही बंद. बाबांचं उलट. मटण नसलं की त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही.

मुख्य डायनिंग आणि बुफे तिकिटातच आहे, ते माहीत आहे. पण बायकोचं म्हणणं, एवढं जायलोच आहोत तर एक जेवण त्या वेगळ्या रेस्टॉरंटात करू. ॲपवर माणशी दर असे दिसायलेत: इटालियन रात्री ४० डॉलर, दुपारी २५. हॉटपॉट (टेबलावर उकळत्या रश्श्यात शिजवून खायचं) ४५, तेप्पान्याकी (जपानी, समोर तव्यावर परतून देतात) ६०, स्टेकहाऊस (भाजलेल्या मांसाचं) ६५. मुलीचे कुठंही १५, मुलगा फुकट. वर १८ टक्के सर्व्हिस चार्ज.

बजेट १२,००० रुपये. सगळ्यांचं मिळून. परत लिहितो, सगळ्यांचं मिळून १२,०००, कारण हा फोरम मला माहीत आहे.

जालना_लोखंडवाला
स्टेकहाऊस. डोळे झाकून. आम्ही गेल्या वर्षी चौघं गेलो, तीनशेच्या वर डॉलर झाले, पण वेटरनं खुर्ची ओढून दिली, मांडीवर रुमाल टाकला, मिसेसला मेनू वाचायला छोटी बॅटरी दिली. तसा थाट मुंबईतसुद्धा बघितला नाही. बजेट थोडं वाढवा राव, रोज रोज कोण जातंय.

परभणीकर७
दादा, आई माळकरी आहे.

जालना_लोखंडवाला
भाजलेला बटाटा मिळतो की. मुठीएवढा असतो.

गोदाकाठ_नांदेड
बटाट्याला ६५ डॉलर 😂

तेप्पान्याकीचं मी सांगते, कारण आमची फजिती झालेली आहे. एका मोठ्या तव्याभोवती सात-आठ जण बसवतात, कधी कधी अनोळखी माणसंही शेजारी असतात. शेफ समोर उभा राहून परततो, उलथनी वाजवतो, अंडं हवेत उडवून टोपीत झेलतो. पोरं वेडी होतात. पण तवा एकच. आमच्या शेफनं आधी झिंगे परतले, कडेला सारले आणि त्याच उलथन्यानं सासूबाईंचा भात ओढला. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि सरळ वर बुफेत जाऊन दही-भात खाल्ला. पैसे पूर्ण गेले, आणि परभणी-नांदेड रस्त्यावर मला ते अजून ऐकवतात.

आदल्या दिवशी सांगितलं तर शाकाहारी ताट आतल्या किचनमधून वेगळं करून आणतात, हे आम्हाला नंतर कळलं. बुकिंग करताना लिहून द्या आणि बसताना परत सांगा. दोन्हीही.

बीडचा_भाचा
मला हेच कळत नाही. जेवण तिकिटात असताना परत पैसे देऊन जेवायचं. आमच्याकडं लग्नात जेवून आलेला माणूस वाटेत धाब्यावर थांबतो का?

औसा_मास्तर
थांबतो. मी थांबलेलो आहे.

बाकी मागच्या धाग्यात कुणीतरी तेप्पान्याकीला चायनीज म्हटलं होतं, ते दुरुस्त करूलालो. तेप्पान म्हणजे लोखंडी पत्रा, याकी म्हणजे भाजणं. जपानी शब्द आहे. ही पद्धत कोबे शहरात मिसोनो नावाच्या हॉटेलनं १९४५ साली सुरू केली. उलथन्यांचा खेळ पुढं अमेरिकन गिऱ्हाइकांना आवडला म्हणून वाढत गेला. म्हणजे ती काही हजार वर्षांची परंपरा वगैरे नाही. आपल्या थालीपिठाचा तवा त्याहून जुना.

बीडचा_भाचा
मास्तर, प्रश्न कोणतं रेस्टॉरंट घ्यावं हा आहे.

औसा_मास्तर
मी कुठं नाही म्हणालो.

सिडको_ट्रॅव्हलर
सिंगापूरला कशाला जाता? मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ घ्या. गोवा, लक्षद्वीप दोन्ही होतं. व्हिसा नको, डॉलर नको, जैन जेवणसुद्धा मिळतं. वंदे भारतनं मुंबईला उतरा, टॅक्सीनं बॅलार्ड पिअरला जा आणि बसा.

परभणीकर७
बुकिंग झालंय हो. पैसे भरलेत.

औसा_मास्तर
कॉर्डेलियाचं एम्प्रेस जहाज १९९० चं आहे. आधी रॉयल कॅरिबियनकडं होतं, तेव्हा पहिलं नाव नॉर्डिक एम्प्रेस. माहितीसाठी.

सिडको_ट्रॅव्हलर
जुनं ते सोनं.

खुलताबादची_सून
आईंसाठी लिहितेय, बाकीच्यांनी भांडत राहा.

इटालियनला सगळे "पास्ता-पिझ्झा म्हणजे शाकाहारी" म्हणून पाठवतात. जरा थांबा. खरं पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं (दूध जमवणारं विरजण) जमवतात आणि ते तिथं सगळ्यावर किसून टाकतात. ताज्या पास्त्यात बहुतेक अंडं असतं, सुक्या पाकिटातल्यात सहसा नसतं. तिरामिसू म्हणून गोड असतं, त्यात अंडं आणि दारू दोन्ही. लसूण तर पाण्यासारखा. आणि शाकाहारी काय आहे विचारलं की पहिलं वांगंच पुढं करतात, जे तुमच्याकडं चातुर्मासात बंद आहे 😄

हॉटपॉटचा रस्सा कशाचा आहे ते विचारा, पुष्कळदा हाडांचा किंवा माशांचा असतो. जपानी मिसो सूपमध्ये सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, वरून नुसतं टोफू दिसतं. दिसायला साधं वरण.

आणखी एक. घाईत "जैन मील" टिक करू नका. कांदा-लसूण जाईल हे खरं, पण बटाटा-गाजरही जाईल. त्यापेक्षा साध्या इंग्रजीत लिहा: मांस नको, मासा नको, अंडं नको, कांदा-लसूण नको, बटाटा चालेल. मी तसा कागद लिहून पर्समध्ये ठेवते, वेटर बदलला की कागद पुढं. बोलून समजावण्यापेक्षा बरं पडतं.

धाराशिव_मटणवाला
वासराचं खरंय का? मी इतकी वर्षं पिझ्झ्यावर ते डब्यातलं शिंपडायलो.

खुलताबादची_सून
डब्यावरचा हिरवा ठिपका बघा. भारतात विकतात त्यात बऱ्याचदा शाकाहारी रेनेट असतं. जहाजावर ठिपका नसतो.

लातूर_टँकर
जेवणाचं राहू द्या, पाण्याचं बोला. बाटलीचं पाणी वेगळं लावतात. पोरं सहा बाटल्या उघडतात आणि बिल बघून तुमचा घसा कोरडा पडतो. ग्लासातलं मागा, ते फुकट असतं. बहुतेक समुद्राचंच पाणी असतं. इंजिनाच्या उष्णतेनं वाफ करून, नाहीतर आरओनं गोड करतात. चांगलं लागतं.

मी आठव्या मजल्यावरून खाली समुद्र बघत आंघोळ करूलालो आणि डोळ्यासमोर २०१६ चा एप्रिल. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं, आम्ही घागरी घेऊन रांगेत. जहाजवाल्याला म्हटलं तुमची मशीन आमच्या मांजरा नदीच्या काठी आणून लावा. त्याला काही कळलं नाही.

जालना_लोखंडवाला
मांजरात पाणी असेल तर मशीन लागतीच कशाला?

लातूर_टँकर
तेच म्हणूलालो.

उदगीर_हिशेबनीस
कुणीच आकडे मांडले नाहीत म्हणून मांडतो. डॉलर ९० धरला.

इटालियन रात्री: चार मोठे १६०, मुलगी १५, एकूण १७५. १८ टक्के धरून २०६.५०. रुपये १८,५८५.
इटालियन दुपारी: १०० आणि १५ मिळून ११५, चार्ज धरून १३५.७०. रुपये १२,२१३.
तेप्पान्याकी: २५५, चार्ज धरून ३००.९०. रुपये २७,०८१.
स्टेकहाऊस काढतसुद्धा नाही.

म्हणजे बजेटजवळ फक्त दुपारचं इटालियन येतं, तेही २१३ नं वर. शिवाय जहाजाचं खातं डॉलरमध्ये असतं, क्रेडिट कार्ड साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतं, ते कुणी सांगत नाही. दुपारचं रेस्टॉरंट बहुधा जहाज समुद्रात असेल त्याच दिवशी उघडं असतं. बंदराच्या दिवशी लोक खाली उतरलेले असतात, तेव्हा बंद. तारीख बघून घ्या.

निघण्याआधी ॲपवर रोज एकदा दर बघा. खाली येतो. आधी घेतलेलं रद्द करून कमी दरात परत घेता येतं, मी दोनदा केलंय. चढल्या दिवशी लॉबीत टेबल मांडून बसतात, त्यांच्याकडंही कधी कधी पहिल्या रात्रीची सूट असते, कारण पहिल्या रात्री सगळे बुफेत असतात.

बोरी_बायको_आणि_मी
इटालियन घ्या. पिझ्झा पोरांना आवडतो, आईंनाही चालेल.

खुलताबादची_सून
🙏 वर वाचा.

सेलू_दूधवाला
आम्ही गेंटिंग ड्रीम जहाजावर होतो. तिथं लिडो म्हणून बुफे आहे, त्यात भारतीय शाकाहारी काउंटर वेगळाच आहे. आईला काही प्रश्न आला नाही, पैशाच्या रेस्टॉरंटाकडं आम्ही फिरकलोसुद्धा नाही. तुमच्या जहाजावर नसेल तसं, तर पहिल्याच रात्री मुख्य डायनिंगमधल्या हेडवेटरला गाठा. त्यांच्यात भारतीय पुष्कळ असतात. आमच्या मेहुण्याच्या टेबलावर गोव्याचा पोरगा होता, रोज रात्री उद्याचं विचारून जायचा. वरण, भात, फुलका, एक सुकी भाजी. एक पैसा जास्त नाही. टेबल चारही रात्री तेच घ्या, वेटर बदलला की सगळं पहिल्यापासून.

बीडचा_भाचा
मी हेच म्हणत होतो.

गोदाकाठ_नांदेड
तुम्ही लग्न आणि धाबा म्हणत होता.

सिडको_ट्रॅव्हलर
कार्तिकी एकादशी मध्ये येत नाही ना? माळकरी माणूस त्या दिवशी समुद्रात म्हणजे अवघड.

परभणीकर७
नाही, त्याच्या आधी परत येतो. आईची अटच ती होती. तारखा त्यावरूनच निघाल्यात.

सगळ्यांचे आभार. खुलताबाद ताई, कागद लिहून घेतला. हिशेबनीस साहेब, दुपारचं इटालियन म्हणत होतो, पण आईला पार्मेजानचं सांगितलं तर ती म्हणाली, "मी खोलीत बसते, तुम्ही जाऊन या." आता तिला खोलीत बसवून कोण जाणार?

जालना_लोखंडवाला
म्हणून म्हणतो, स्टेकहाऊस. बटाट्यात चीज नसतं.

*(बावीस दिवसांनी)*

परभणीकर७
परत आलो. काय केलं ते लिहितो, कारण यातलं कुणीच सुचवलं नव्हतं.

पहिल्या रात्री मुलगी तेप्पान्याकीच्या काचेला नाक लावून उभी. आत शेफ कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून मधे तेल ओतून पेटवत होता, कांद्याचा ज्वालामुखी. बाबा तिला शोधत आले आणि तेही उभे राहिले. पंधरा मिनिटं. बायकोनं लांबून बघितलं आणि म्हणाली, "हे दोघंच जाऊ देत." तिचाच हट्ट होता पैशाच्या जेवणाचा, आणि तीच मागं राहिली. मी विचारलं तर म्हणाली मला आता भूक नाही. तो विषय मी तिथंच सोडला.

तर दोघं गेले, दुसऱ्या रात्री. ६० आणि १५, चार्ज धरून ८८.५०. आम्ही चौघं मुख्य डायनिंगमध्ये. आईला वरण-भात, फुलका आणि कोबी, कागदानं कमाल केली. दुधाचा खरवस आहे का विचारत होती, तो काही मिळाला नाही.

बाबांचं मुलीकडून कळलं. शेफ सगळ्यांच्या तोंडात आम्लेटचा तुकडा उडवून टाकत होता. बाबांची पाळी आली तर त्यांनी तळहात पुढं केला, म्हणाले, "फेकू नको बाबा, हातात दे." शेफनं वाकून हातात दिला. सगळ्या टेबलानं टाळ्या वाजवल्या. मटण नव्हतंच, कोंबडी आणि झिंगे खाल्ले. खोलीत आल्यावर म्हणाले, तवा बरा आहे, मीठ कमी पडलं.

कार्डावर ८,२४३ कटले.

उदगीर_हिशेबनीस
७,९६५ अधिक साडेतीन टक्के. मी सांगितलं होतं.

जालना_लोखंडवाला
स्टेकहाऊसला मीठ टेबलावर असतं.

खुलताबादची_सून
वा! कागद चालला हे वाचून बरं वाटलं. आईंनी सोबत चटणी नेली होती का? जहाजावर चढू देतात का? आमचं जानेवारीत आहे.

परभणीकर७
ताई, दुकानातलं सीलबंद पाकीट चढू दिलं. घरचं नाही चालत म्हणून आधीच वाचलं होतं, पण आईनं कारळाच्या चटणीचा डबा बॅगेत तळाशी घातला होता आणि ते सिंगापूरच्या हॉटेलात कळलं. टर्मिनलवर टाकून देण्यापेक्षा बरं, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही सहाही जणांनी पलंगावर बसून ब्रेडला कारळाची चटणी लावून डबा संपवला. पोरगा रडत होता, तिखट लागलं म्हणून. बाबांनी डबा बोटानं पुसला.